फडक्याखालचं ओझं

जिना चढताना डोकं सांभाळा. खाली पुस्तकांचं दुकान आहे, मधल्या मजल्यावर बांधणी चालते आणि छापखाना सगळ्यात वर. साल १८३०, हिवाळा सरत आलेला. गाव पाल्मायरा, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिमेला, ईरी कालव्याच्या काठी. तुमच्या अंगावरचा जाड लोकरी कोट मी दिलाय. इथली भाषा तुम्हाला कळेल, पण बोलता येणार नाही. प्रश्न पडले तर गिळायचे. फार काही बिघडणार नाही, कारण तुमच्या मनातला जवळजवळ प्रत्येक प्रश्न इथलं कुणी ना कुणी विचारणारच आहे.

वर पोचताच नाकात शिरतो तो शाईचा तेलकट वास. ओलसर करून ठेवलेल्या कागदांच्या चवडी, वाळत घातलेले छापील ताव, आणि मधोमध हातानं चालवायचं यंत्र. एक जण कातडी बोंडांनी खिळ्यांवर शाई थोपटतो, दुसरा कागद ठेवून दांडा ओढतो. पुन्हा शाई, पुन्हा दांडा. पानं ५९० आणि प्रती ५,०००; किती वेळा दांडा ओढला गेला असेल तो हिशोब तुम्हीच करा. मालक एगबर्ट ग्रँडिन अजून चोविशीचाही झालेला नाही. हे काम त्यानं आधी नाकारलं होतं. ३,००० डॉलरची हमी मिळाली तेव्हा यंत्र हललं. ती हमी देणारा मार्टिन हॅरिस इथेच आहे, हा बघा. गावातला सधन शेतकरी, वय ४६. या पुस्तकापायी त्यानं शेत गहाण टाकलंय आणि बायकोचा राग ओढवून घेतलाय.

खिळ्यांच्या पेटीसमोरचा जुळारी म्हणजे जॉन गिल्बर्ट. सुरुवातीला लेखक जोसेफ स्मिथ याचा भाऊ हायरम रोज सकाळी कोटाच्या आत बटणं लावून २४ हस्तलिखित पानं आणायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. त्या पानांवर स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही, परिच्छेदही नाही. देवाच्या सामर्थ्यानं उतरलेला म्हणून सांगितला जाणारा हा मजकूर, पण त्यातली विरामचिन्हं गिल्बर्टची. गंमत म्हणजे गिल्बर्टचा त्यावर काडीचाही विश्वास नाही.

आत्ता त्यानं हातावेगळं केलंय ते पुस्तकाच्या अखेरीस जायचं निवेदन. खाली तीन नावं : ऑलिव्हर काउडरी, डेव्हिड व्हिटमर, मार्टिन हॅरिस. म्हणणं असं की स्वर्गातून देवदूत उतरला, त्यानं सोन्याचे पत्रे आमच्या डोळ्यांपुढे ठेवले, त्यांवर कोरलेली अक्षरं आम्ही पाहिली, आणि हे भाषांतर खरं असल्याचं देवाच्या वाणीनं आम्हाला सांगितलं. त्याच्यामागून आणखी आठ जणांचं निवेदन येणार आहे. त्यात देवदूत नाही आणि वाणीही नाही. जोसेफ स्मिथनं पत्रे दाखवले, आम्ही हातात घेतले, वजन पेलून पाहिलं, एवढंच. हे पुस्तक म्हणजे ‘द बुक ऑफ मॉर्मन’. प्राचीन काळी अमेरिकेत येऊन राहिलेल्या माणसांचा हा इतिहास आहे असं त्याचं सांगणं, आणि तो ज्यांवर कोरला होता ते पत्रे आज कुणालाही दाखवता येत नाहीत, कारण ते देवदूतानं परत नेले, असं सांगितलं जातं. उरतात ती ही अकरा नावं.

गिल्बर्ट वळतो आणि हॅरिसला विचारतो, मार्टिन, ते पत्रे तू या उघड्या डोळ्यांनी पाहिलेस का? हॅरिस क्षणभर खाली बघतो, मग मान वर करतो. नाही, म्हणतो, आत्म्याच्या डोळ्यांनी.

थांबा, एवढ्यात कोटाची बटणं लावू नका. निकाल लागला असं तुम्हाला वाटलं, पण मी एक गोष्ट लपवली होती. मी तुम्हाला १८३० मध्ये आणलेलंच नाही. हा जिना, हा प्रश्न, हॅरिसचं ते खाली बघणं, हे सारं गिल्बर्टनं १८९२ साली, वयाच्या ९० व्या वर्षी लिहून ठेवलं. आपण एका म्हाताऱ्या अविश्वासू माणसाच्या आठवणीत उभे आहोत. त्यानं खोटं लिहिलं असेल असं मला वाटत नाही. पण ६२ वर्षं घोळवलेल्या गोष्टीला गोळाई येतेच. इथून पुढे दार उघडण्याआधी ते कुणाच्या घरचं आहे, हे विचारत चला.

चला, थोडं मागे जाऊ. पेनसिल्व्हेनियातलं हार्मनी नावाचं खेडं, १८२९ चा वसंत. कोट काढा, उकडेल. खोलीत टेबल आहे, टेबलावर तागाच्या छोट्या फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू. जोसेफ स्मिथ तिच्याकडे बघतसुद्धा नाहीये. २३ वर्षांचा उंच तरुण. त्यानं टोपीत एक दगड ठेवलाय आणि उजेड येऊ नये म्हणून टोपीत तोंड खुपसलंय. तो बोलतो, आणि समोर बसलेला काउडरी, पेशानं शाळामास्तर, लिहून घेतो. मग फडक्याखालची ती जड वस्तू कशाला हवी, असा प्रश्न तुमच्या घशाशी आलाय, माझ्याही आला होता.

दगडाचं नवल वाटू देऊ नका. गुप्तधन शोधायला निघणाऱ्यांनी पायाळू माणसाला बरोबर नेण्याची रीत आपल्याकडे होतीच. या भागात दगडात बघणारा माणूस नेत. जोसेफनं ते काम मोबदला घेऊन केलेलं आहे, आणि १८२६ साली त्यावरून त्याला न्यायाधीशापुढे उभं राहावं लागलंय. त्याच्या भोवतालच्या माणसांना जमिनीत पुरलेलं धन ‘दिसणं’ ही रोजच्या व्यवहारातली गोष्ट वाटते. साक्षीदार कोणत्या मातीतून आले हे कळल्याशिवाय त्यांची साक्ष वाचू नये.

जोसेफची बायको एमा टेबल पुसायला येते. फडक्याखालच्या वस्तूवर हात ठेवून ती कडा चाचपते. जाड कागदासारखे लवचीक पत्रे, अंगठ्यानं कडा सरकवली की धातूची सळसळ. फडकं मात्र ती उचलत नाही. कधीच उचललं नाही, असं तिनं १८७९ मध्ये, मृत्यूच्या दोनेक महिने आधी स्वतःच्या मुलाला सांगितलं. हे घर एमाच्या आठवणीचं आहे. मला ते सगळ्यात भक्कम वाटतं, कारण ती तिला जे कळलं तेवढंच सांगते. देवदूत पाहिल्याचा दावा तिच्या तोंडी नाही. फडक्याखाली काहीतरी होतं, त्याला वजन होतं, त्याचा आवाज यायचा. ते सोनं होतं की कापून जुळवलेला टिन, हे बोटांना कळत नाही.

आता जून १८२९. न्यूयॉर्क राज्यातलंच फेएट, पीटर व्हिटमरचं शेत. भाषांतर संपत आलंय. आज हॅरिस इथे आलाय. त्याच्याकडे जरा निरखून बघा, कारण सगळी गोष्ट या माणसात आहे. मागच्या उन्हाळ्यात त्यानं हट्ट करून हस्तलिखिताची पहिली ११६ पानं घरच्यांना दाखवायला नेली आणि ती हरवली. ती पुन्हा सापडली नाहीत. जोसेफनं तो भाग परत भाषांतरित केला नाही. तेवढंच पुन्हा शब्दशः येईल का हे बघायला टपलेले लोक गावात होते, आणि हरवलेल्या पानांत शत्रू फेरफार करतील असं कारण दिलं गेलं. हॅरिसचे पैसे गेले, अब्रू गेली, आणि ज्याला तो प्रेषित मानतो त्याच्या डोळ्यांत तो गुन्हेगार ठरला. मग या वर्षीच्या मार्चमध्ये जोसेफच्या मुखातून त्याच्यासाठी ईश्वरी संदेश आला की तू पुरेसा नम्र झालास, पापाची कबुली दिलीस, तर तुला पत्रे दिसतील.

अट नीट ऐकलीत ना? दिसणं हे इथे लायकीचं प्रमाणपत्र आहे. दिसलं नाही तर पत्रे नसतील असा अर्थ निघत नाही; तू पापी आहेस असा निघतो.

जोसेफ, काउडरी, डेव्हिड व्हिटमर आणि हॅरिस असे चौघे रानात शिरतात. तुम्ही त्या झाडाच्या आड राहा. गुडघे टेकून एकेक जण मोठ्यानं प्रार्थना करतो. काही होत नाही. पुन्हा एक फेरी. काही नाही. मग हॅरिस उठतो. माझ्यामुळे अडतंय, म्हणतो, आणि रानात आणखी आत निघून जातो. एवढ्या वयाचा, घरदार असलेला माणूस मान खाली घालून झाडांत नाहीसा होतो, आणि उरलेले तिघे पुन्हा गुडघे टेकतात. आता प्रकाश येतो. देवदूत येतो, पानामागून पान उलटून दाखवतो. तुम्हाला तो दिसत नाही याबद्दल दिलगीर आहे. माझ्या कोटात तेवढी सोय नाही.

मग जोसेफ हॅरिसला शोधायला जातो. तो दूरवर एकटाच प्रार्थनेत सापडतो. दोघे मिळून करुणा भाकतात, आणि हॅरिस ओरडतो की पुरे, पुरे, मी पाहिलं. काउडरी आणि व्हिटमर तेव्हा तिथे नव्हते. छापलेल्या निवेदनात मात्र सगळीकडे ‘आम्ही’ आहे. तीन माणसांचे दोन वेगवेगळे अनुभव एका ‘आम्ही’त बसवले गेले, आणि वाचणाऱ्याला वाटतं तिघे ओळीनं उभे होते.

हे रान जोसेफच्या आठवणीचं, १८३८ नंतर लिहवून घेतलेल्या त्याच्या वृत्तान्तातलं. व्हिटमरच्या आठवणीच्या दारानं आत आलो असतो, तर दृश्य बदललं असतं : ते ओंडक्यावर बसलेत, समोर टेबलासारखं काहीतरी, त्यावर पत्र्यांच्या कितीतरी राशी, शिवाय एक प्राचीन तलवार आणि दिशा दाखवणारा गोल. जोसेफच्या वृत्तान्तात टेबल नाही, तलवारही नाही. तपशील जुळत नाहीत म्हणून दोघे खोटे, असं मी म्हणणार नाही. तपशील तंतोतंत जुळले असते तर मला जास्त संशय आला असता.

आठ जणांचा प्रसंग काही दिवसांनी मँचेस्टरला, स्मिथ कुटुंबाच्या घराजवळ झाला. तिथे मी तुम्हाला नेऊ शकत नाही. कारण साधं आहे : त्या दिवसाचं वर्णन त्यांनी निवेदनात केलंय त्यापलीकडे फारसं नाही. ते आठ कोण, एवढं बघून घ्या. चार व्हिटमर भाऊ, पाचवा त्यांचा मेहुणा हायरम पेज, आणि मग जोसेफचे वडील व दोन भाऊ. तिघांतला डेव्हिडही व्हिटमरच. काउडरीनं पुढे त्याच्याच बहिणीशी लग्न केलं. मार्क ट्वेननं नंतर या नात्यागोत्यावर मनसोक्त टवाळी केली. मला टवाळीपेक्षा हायरम पेज महत्त्वाचा वाटतो. १८३० मध्येच त्याला स्वतःचा एक दगड सापडला आणि त्यातून ईश्वरी संदेश येऊ लागले. काउडरी आणि व्हिटमर मंडळींचा त्यावर विश्वासही बसला. मग जोसेफला संदेश आला की पेजला मिळालेले संदेश सैतानाचे आहेत. पेज लबाड नव्हता. त्याला दिसत होतं, आणि फार सहज दिसत होतं.

आता छापखान्यात गेलेली प्रत वर धरा, उजेडाकडे. ही अक्षरं काउडरीच्या हातची. निवेदनाखालची नावंही त्याच्याच हातची, अकराच्या अकरा. ज्यावर प्रत्येकानं स्वतः सही केली असा कागद आज उपलब्ध नाही. काउडरीनं सह्या बनवल्या असा याचा अर्थ नाही. छापखान्यासाठी नक्कल करताना नावंही उतरवून काढणार, त्यात गैर काय? पण तुमच्या हातात जे आहे ती नक्कल आहे, आणि ती साक्षीदारांपैकीच एकानं केलेली.

इतक्यात तुमच्यातला संशयखोर खूष झाला असेल. त्याच्यासाठी एक छोटा फेरा. फेब्रुवारी १८२८, न्यूयॉर्क शहर. हॅरिस पत्र्यांवरची अक्षरं उतरवलेला कागद घेऊन कोलंबिया कॉलेजातले विद्वान चार्ल्स अँथन यांच्याकडे आलाय. हॅरिसच्या आठवणीच्या दारानं आत जा. अँथननी अक्षरं खरी असल्याचा दाखला लिहून दिला, पण पत्रे देवदूतानं दिले म्हटल्यावर तो परत घेऊन फाडला. आता अँथनच्या दारानं जा. त्यांनी हा सगळा प्रकार ढोंग असल्याचं ओळखलं आणि शेतकऱ्याला ठकांपासून सावध केलं. छान. विद्वानावर विश्वास ठेवावा असं तुम्हाला वाटतं. पण अँथनचं दारही दुहेरी निघतं. १८३४ च्या पत्रात ते म्हणतात, माझं मत लेखी मागितलं होतं, मी द्यायचं नाकारलं. १८४१ च्या पत्रात म्हणतात, दिलं, बेधडक लिहून दिलं. भोळा शेतकरी दोन गोष्टी सांगत नाही. दोन गोष्टी सांगतो तो प्राध्यापक.

दहा वर्षं पुढे. ओहायोतलं कर्टलँड, मार्च १८३८. बाहेर गारठा, आत त्याहून जास्त. या पुस्तकावर उभ्या राहिलेल्या मॉर्मन पंथानं काढलेली बँक गेल्या वर्षी बुडाली, लोकांचे पैसे बुडाले, आणि कालपर्यंत प्रेषित म्हणणारे आज जोसेफला नावं ठेवताहेत. जोसेफ गाव सोडून मिझुरीला निघून गेलाय. हॅरिसला पंथातून काढून टाकलंय. तो सभेत उठून उभा राहतो. हे घर स्टीफन बर्नेट नावाच्या माणसाच्या पत्राचं, पुढच्याच महिन्यात लिहिलेल्या. निदान इथे आठवणीला मुरायला वेळ मिळालेला नाही. हॅरिस म्हणतो की पत्रे मी या नैसर्गिक डोळ्यांनी पाहिले नाहीत, काउडरी आणि व्हिटमरनंही नाही. आणि त्या आठांनीही नाही, म्हणूनच ते सही करायला कचरत होते, त्यांना पटवावं लागलं. बर्नेटचा उरलासुरला आधार इथे ढासळतो, तसं तो लिहितो.

पण बर्नेट प्रामाणिक माणूस आहे. पुढे काय झालं तेही तो लिहितो, आणि ते त्याच्या सोयीचं नाही. नंतर बर्नेट स्वतः सभेत उभा राहून आपण हे पुस्तक का सोडतोय ते सांगतो. त्यानंतर हॅरिस पुन्हा उठतो. जो हे पुस्तक नाकारतो त्याची मला कीव येते, म्हणतो, कारण ते खरं आहे हे मला ठाऊक आहे. पेटीत ठेवलेले पत्रे त्यानं कितीदा उचलले होते, वर नुसतं फडकं. पण उघडे असे पाहिले ते डोंगराच्या आरपार शहर दिसावं तसेच. आणि त्या आठांचं मी बोललो नसतो, लोकांनी ते माझ्याकडून उकरून काढलं.

या दुसऱ्या भाषणापाशी मी तुम्हाला मुद्दाम उभं केलंय. फसवणूक उघडी पाडायला उठलेला माणूस असा बोलत नाही, आणि फसवणूक झाकू पाहणाराही असा बोलत नाही. हॅरिसच्या डोक्यात दोन कप्पे आहेत. एकात फडक्याखालचं ओझं, हातांनी पेललेलं. दुसऱ्यात डोळे मिटल्यावर झळाळलेलं सोनं. छापील निवेदनानं या दोहोंची बेरीज केली. ती बेरीज हॅरिसनं केली नव्हती. पण तिच्याखाली त्याचं नाव होतं, आणि बोलता बोलता ती त्याला जागोजागी उलगडावी लागत होती. त्याला खोटारडा म्हणणाऱ्यांना आणि त्याला निखळ प्रत्यक्षदर्शी म्हणणाऱ्यांना, दोघांनाही हे भाषण अर्धंच ऐकायचं असतं.

मिझुरीत, फार वेस्टला, त्याच एप्रिलमध्ये काउडरी आणि व्हिटमर यांनाही पंथाबाहेर काढतात. जूनमध्ये त्यांना आणि आणखी काही जणांना गाव सोडण्याची धमकी देणारं पत्र जातं. त्यात त्यांच्यावर चोरी, लबाडी आणि खोट्या नाण्यांचे आरोप आहेत. खाली ८० हून जास्त सह्या, आणि त्यांत एक हायरम स्मिथची. म्हणजे आठांतला एक साक्षीदार तिघांतल्या दोघांना, आणि आठांतल्याच जॉन व्हिटमरलाही, चोर आणि लबाड म्हणतोय. हिवाळ्यात लिबर्टीच्या तुरुंगातून जोसेफ पत्र लिहितो, त्यात हॅरिस, काउडरी, व्हिटमर ही नावं उल्लेखाच्याही लायकीची नसलेल्यांत येतात. आता सूड घ्यायला याहून चांगली वेळ कुठली? एक वाक्य पुरेसं होतं : ते सगळं आम्ही रचलं. रात्री गाव सोडून पळताना तरी कुणी ते म्हणेल म्हणून तुम्ही कान देऊन उभे आहात. कुणी म्हणत नाही. पुढच्या वसंतात जॉन व्हिटमरला तोंडावर विचारतात, तेव्हा तो सांगतो की पत्रे मी हातात घेतले, दोन्ही बाजूंनी कोरलेले होते. मग आता विश्वास का नाही, असं विचारलं तर म्हणतो, ती लिपी मला वाचता येत नाही, भाषांतर खरं की खोटं मला काय ठाऊक. हा मला सगळ्या अकरांत शहाणा वाटतो. पण त्याच संभाषणाच्या नोंदीत तो असंही म्हणतो की ते मला अलौकिक शक्तीनं दाखवले गेले. हातात घेतलेली वस्तू दाखवायला अलौकिक शक्ती कशाला लागते, हे तिथे कुणी विचारत नाही. तुमचं तोंड मी बांधून ठेवलंय, त्याचा मला पहिल्यांदाच पश्चात्ताप होतोय.

साक्षीदार वैर धरूनही फिरले नाहीत, हा श्रद्धाळूंचा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. पैसा म्हणावा तर हॅरिसचं शेत गेलं. मान म्हणावा तर तो पंथातच होता, आणि त्यातून त्यांना हाकललं. मला स्वतःला वाटतं की हे तिघे ठरवून खोटं बोलले नाहीत. पण या मुद्द्याची लांबी मोजायची असेल तर मला तुम्हाला आणखी एका टेकडीवर न्यावं लागेल.

व्होरी, विस्कॉन्सिन, सप्टेंबर १८४५. जोसेफला मारेकऱ्यांच्या जमावानं ठार करून वर्ष उलटलंय आणि वारसा कुणाचा यावर भांडणं चाललीत. जेम्स स्ट्रँग म्हणतो, माझा. तो चार माणसांना एका ओकच्या झाडाखाली नेतो आणि खणायला लावतो. स्वतः बाजूला. माती घट्ट, मुळं जागच्या जागी, कुणी आधी खणल्याची खूण नाही. खाली पितळेचे छोटे पत्रे सापडतात, कोरलेले. चौघे सही करतात. इथे दिवसाढवळ्या, साध्या डोळ्यांनी, कुदळीनं काढलेले पत्रे आहेत. नंतर अनेकांनी ते हातात घेऊन पाहिले. पुराव्याच्या कायद्यानं बघाल तर ही साक्ष पाल्मायराच्या साक्षीपेक्षा सरस आहे. तरी जोसेफच्या बहुसंख्य अनुयायांनी स्ट्रँगला मानलं नाही, आणि आजही त्यांचे वंशज त्या चौघांच्या सचोटीवर आपली श्रद्धा टांगत नाहीत. पुढे मिशिगन सरोवरातल्या बीव्हर बेटावर स्ट्रँगनं स्वतःला राज्याभिषेकही करवून घेतला; १८५६ मध्ये त्याच्याच माणसांनी त्याला गोळ्या घातल्या. आणि १८४६ साली स्ट्रँगच्या वतीनं इंग्लंडला प्रचाराला गेलेला माणूस कोण? बंदरावर बघा. मार्टिन हॅरिस.

आता शेवटचा मुक्काम. रिचमंड, मिझुरी, २८ जून १८८५. काउडरी याच गावात ३५ वर्षांपूर्वी गेला, मरणाआधी पुन्हा पंथात येऊन. हॅरिस उतारवयात युटाला गेला आणि १८७५ मध्ये, ९२ व्या वर्षी तिथेच वारला. उरलाय डेव्हिड व्हिटमर, वय ८०. गावात भाड्याच्या घोडागाड्यांचा धंदा करत आयुष्य काढलं. पंथात परतला नाही. काही वर्षांपूर्वी एकानं छापलं की व्हिटमरनं आपल्याजवळ तो नुसता मनावरचा ठसा असल्याचं कबूल केलं, तर व्हिटमरनं १८८१ मध्ये जाहीर पत्रक काढून ते फेटाळलं, आणि गावातल्या प्रतिष्ठितांनी त्याच्या सचोटीची हमी खाली जोडली. शेजाऱ्यांनी हमी दिली ती त्याच्या व्यवहाराची. त्याच्या देवदूताची हमी त्यांनी दिली नाही. ते मॉर्मन नव्हते.

आज त्याच्यासमोर बसलाय जेम्स हेन्री मॉइल. युटाचा तरुण, मॉर्मन, मिशिगनमधून नुकताच वकिलीची पदवी घेऊन घरी निघालेला. तुम्हाला जे विचारायचं होतं ते विचारायला याच्याइतका योग्य माणूस नाही. साक्षीदाराची उलटतपासणी कशी घ्यायची हे तो शिकून आलाय, आणि त्याला उत्तर ‘हो’ असंच हवंय. काय पाहिलंत, कसं पाहिलंत, उजेड कसा होता, किती जवळ होतात? म्हातारा आपल्या साक्षीवर ठाम आहे. कणभर मागे हटत नाही. पण मॉइल हातात धरता येईल असा तपशील मागत राहतो आणि म्हातारा आत्म्याच्या गोष्टी बोलत राहतो.

व्हिटमरच्या ठामपणाला एक दुसरी बाजू आहे, तीही ऐकून घ्या. दोन वर्षांनी, १८८७ मध्ये, तो एक पुस्तिका छापतो. त्यात तो म्हणतो, या ग्रंथाबद्दलची माझी साक्ष तुम्ही खरी मानता ना, मग हेही माना की जून १८३८ मध्ये देव त्याच वाणीनं माझ्याशी बोलला आणि या पंथापासून दूर हो म्हणाला. साक्षीदार एकच, आवाजही एकच. पंथानं पहिली साक्ष प्रत्येक प्रतीत छापली. दुसरी छापली नाही. अविश्वासू लोकांचीही पंचाईत सारखीच : जून १८३८ चा आवाज भास म्हणून सोडून देता, मग व्हिटमरला लबाड म्हणायचं कारण कुठे उरलं?

मॉइल निघाला. त्या दिवशीच्या डायरीत तो लिहितो की व्हिटमरचं सांगणं काहीसं आध्यात्मिक होतं, मला हवं होतं तेवढं भौतिक नव्हतं. तरुण वकिलाची निराशा शाईत स्पष्ट दिसते. पुढे तो मोठा झाला, वॉशिंग्टनला अर्थखात्यात सहायक सचिव झाला, आणि उतारवयात ही भेट पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्या सांगण्यात व्हिटमरची साक्ष स्वच्छ, ठणठणीत, निःसंदिग्ध आहे, आणि निराशा कुठेच नाही. १८८५ ची डायरी मात्र त्यानं फाडली नाही.